भरला तांब्या

भादव्यात पितरपाट सुरू झाला की आमच्या माळावरचा भुईमूग उपटायला येतो. त्या साली पावसानं पंधरा दिवस पाठ फिरवली होती. मुरमाड रान आवळून दगड झालं होतं. वेल उपटावा तर वेल हातात नि निम्म्या शेंगा मातीत. मग खुरप्यानं उकरायचं आणि वेचत बसायचं. आम्ही सातआठ बायका बांधावरच्या बाभळीखाली वेलांचे ढीग घेऊन शेंगा तोडत होतो. हात चालायचे तशी तोंडं चालायची.

मला वाडीत सगळे आक्का म्हणतात. कुठल्या रीतीचा अर्थ काय, हे विचारायचं ठिकाण म्हणजे आक्का. निम्मे अर्थ मी सासूकडून घेतले होते, निम्मे माझ्या डोक्यानं लावले होते. पण सांगताना मी कधी अडखळले नाही, म्हणून लोक माझं खरं मानायचे. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

शेजारची मालन, लग्न होऊन सहा महिने झालेली पोर, तिनं विचारलं, "आक्का, तिनीसांजंला केर का काढू देत न्हाईत वो? सासूबाई म्हंत्यात, लक्ष्मी जाती."

"लक्ष्मी म्हंजी काय गं? आदी घरात उजेड कुटला? नथीचा मोती पडला तर केरासंगं उकिरड्यावर. त्यो मोती म्हंजीच लक्ष्मी."

"बघा," बायजाकाकू म्हणाली, "देव भेटला तर त्येलाच त्येचा अर्थ सांगून वाटंला लावतील ह्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या समोरच माझी धाकटी जाऊ अनशी बसली होती. ती हसली नाही, पण ती वैशाखापासून फारशी हसतच नव्हती.

मालनचं समाधान झालं नव्हतं. "आन् सुतकात चूल का पेटवत न्हाईत?"

"ज्याचं माणूस गेलं त्येला भूक नसती. पण चूल पेटवू दिली तर घरातली बाई रडायची सोडून भाकरी थापाय बसती. बाईच्या जातीला सुट्टी दोनच, बाळंतपान आन् सुतक. म्हणून भाऊकीनं भाकरी आणायची. कडू घास म्हंत्यात त्येला. ज्यानं आणला त्येनं समोर बसून चारायचा, आन् खाणारं उठंस्तवर आपून उठायचं न्हाई."

"मग शिवत का न्हाईत?"

"शिवायचं न्हाई म्हंजी कामाला लावायचं न्हाई. रडू द्यायचं पोटभर. त्येवडाच अर्थ."

तेवढ्यात अनशीनं मान वर न करता विचारलं, "आक्का, सुतक कवापास्नं लागतं वो?"

"कळल्यापास्नं. मानूस आज मेलं आन् आठ दिसांनी कळलं, तर आठ दिसांनी लागतं. कळलंच न्हाई तर न्हाईच."

"म्हंजी ज्येला आदी कळलं, त्येला आदी लागलं."

माझी बोटं थांबली. "व्हय."

"मग त्येचं फिटलं का आजून?"

मालन म्हणाली, "कुणाचं वो, काकू?" अनशीनं एक शेंग तोडली, बुट्टीत टाकली, दुसरी तोडली. मला मात्र समजलं होतं. बाभळीची सावली होती तरी माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आता काय घडलं होतं ते सांगते. माझा नवरा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पोटाला एक लेक, हौसा. तिला दूध माझं, पण वाढली अनशीच्या खांद्यावर. अनशीची कूस उजवली नाही, म्हणून तिचं सगळं हौसावरच. हौसाचं लग्न ठरलं वैशाखात. रांडमुंड बाईला लेकीच्या लग्नात पाटावर बसता येत नाही. देवकाला आणि कन्यादानाला जोडपं लागतं. माझा दीर येसबा आणि अनशी, ही दोघं बसणार होती. ह्या रीतीचा अर्थही मी बायकांना सांगायचे, 'पाठीशी घर उभं हाय, हे पोरीला दिसावं म्हणून जोडपं.' विधवेला का नको, ते मला कुणी विचारलं नाही आणि मी स्वतःलाही विचारलं नाही.

लग्नाचा आदला दिवस, दुपारी देवक नि हळद होती. तांबडं फुटत होतं. मी अंगणात सडा टाकत होते. कुडाशी एक माणूस येऊन उभा राहिला. अनशीच्या माहेरचा, बोरखिंडीचा दगडू. मी तांब्या भरून पुढे केला. त्यानं हात मागे घेतला. तेव्हाच मला कळलं. मयताचा सांगावा आणणारा पाणी पीत नाही, उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. त्याचा अर्थही मीच सांगायचे. पाणी प्यालं की माणूस टेकतो, टेकलं की बोलत बसतो, नि पुढच्या गावचा सांगावा मागं राहतो.

दगडू म्हणाला, "अनशीची आई गेली पहाटं. लेकीनं तोंडात पाणी घालावं म्हणून दिस बुडायपातुर माती थांबवलीया. लगीच लावून द्या."

मी म्हणाले, "व्हय. तू हो म्होरं, मी सांगते तिला."

तो गेला. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी. बोरखिंड सहा कोस. आत्ता बैलगाडी जुंपली असती तर अनशी दुपारच्या आत पोचली असती. पण तिला कळलं की तिला तीन दिवसांचं सुतक, मग देवकाला बसणार कोण?

दुसरं जोडपं नव्हतं असं नाही. खालच्या आळीला माझे चुलत दीर दाजी नि त्यांची बायको राधाबाई होती. भाऊकीच ती. पण बांधावरच्या बाभळीवरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. लग्नाचं निमंत्रणही मी नाभिकाच्या हातून धाडलं होतं. त्यांच्या दारात जाऊन 'पाटावर बसता का' म्हणून पदर पसरायला हवा होता. दोनशे पावलांवर घर. तेवढी पावलं मला टाकवेनात. लग्न मोडू नये म्हणून मी गप्प बसले असं मी पुढं किती दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. लग्न मोडणारच नव्हतं. माझी मान खाली जाणार होती, एवढंच.

अनशी चुलीपासून बाहेर आली. "कोन आलं हुतं वो?"

"वाटसरू. वाट इचारत हुता."

तिनं माझ्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता. "पानी प्याला न्हाई?"

"तहान नव्हती त्येला."

तिनं कुडाबाहेर वाटेकडं पाहिलं. मग आत गेली.

दुपारी तिनं देवक बसवलं. हौसाला हळद लावली, जात्यावर ओव्या म्हटल्या. दिवस कलला तसं माझं लक्ष सारखं मावळतीकडं जायला लागलं. तिकडं सहा कोसांवर माणसं मयत घेऊन वाट बघत बसली होती, आणि इकडं अनशी हौसाच्या हातात हिरवा चुडा भरत होती. दिवस बुडाला तेव्हा मला मांडवात थांबवेना. मी माजघरात जाऊन बसले. बायका म्हणाल्या, लेक चालली म्हणून आक्का खचली.

दुसऱ्या दिवशी पाठवणीची गाडी वेशीबाहेर गेली नि मी अनशीला सांगितलं, 'आत्ताच सांगावा आला.' ती लुगड्याला लागलेली हळद तशीच घेऊन निघाली. तिथं तिला राख दिसली. चौदाव्या दिवशी परत आली. भावानं तिला सगळं सांगितलं असणार, दगडू कधी निघाला, कुणाला भेटला, माती किती थांबवली. मी रोज वाट बघायचे की आज भांडेल, उद्या भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या ताटात भाकरी वाढायची, माझी धुणी धुवायची, आणि मला 'आक्का' म्हणायची. पंचमीला हौसा माहेरी आली ती आधी तिच्याच गळ्यात पडली. त्या दिवशी मी ताटावरून तशीच उठले.

तर त्या शेंगांच्या दिवशी बायका पांगल्या आणि आम्ही दोघी डोईवर बुट्ट्या घेऊन पाणंदीनं घरी निघालो. दिवस कासराभर राहिला होता. मी म्हणाले, "अनशे, तुला त्या दिशीच कळलं हुतं का?"

"भरला तांब्या बघितला हुता म्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच शिकवलं हुतं मला, पानी न पिणारा पावना कसला असतो त्ये. काळजात चर्र झालं. पर म्हटलं, आक्का हायती. तसलं काय असतं तर सांगितल्याबिगर ऱ्हात्याल व्हय?"

तिनं मला शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. पाणंदीतली माती पायाखाली चुरत होती, आणि मला पुढचं पाऊल कुठं टाकावं ते कळेना.

"काय करू सांग," मी म्हणाले. "कसं फेडू?"

"मला काय ठावं? अर्थ तुमाला येत्यात."

ती पुढं झाली. अंगणात पोचली, बुट्टी उतरवली, आत जाऊन रोजच्यासारखं माझ्या पायावर घालायला पाणी घेऊन आली. मी कुडाशीच थांबले होते, दगडू थांबला होता तिथंच. तिनं तांब्या पुढं केला.

मी हात मागे घेतला.

अनशीचा हात तसाच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "अनशे, बोरखिंडीचा सांगावा हाय. तुझी आई गेली पहाटं. लेकीनं तोंडात पाणी घालावं म्हणून दिस बुडायपातुर माती थांबवलीया. लगीच नीघ."

पाच महिने हे शब्द माझ्यापाशी पडून होते. एकही इकडचा तिकडं झाला नव्हता.

अनशीनं तांब्या खाली ठेवला. मावळतीकडं पाहिलं. सूर्य माळाच्या कडेला टेकत होता. तिनं अगदी हळू विचारलं, "मग पोचंन न्हवं वो मी?"

ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं 'आये' म्हणून जो हंबरडा फोडला, तो खालच्या आळीपर्यंत गेला. येसबा गोठ्यातून धावत आला. "काय झालं? कोन गेलं?"

"तिची आई," मी म्हणाले.

"ती येशाखात गेली न्हवं? खुळ्या झाला का काय दोघी?"

"म्या आज सांगितलं, भावजी."

येसबा भोळा, पण मूर्ख नव्हे. तो माझ्याकडं बघत राहिला, मग डोक्यावरचा पटका काढून पायरीवर बसला.

मी चूल पेटवली नाही. आमच्या चुलीवरची भाकरी अनशीला चालणार नव्हती, ती भाऊकीतूनच यायला हवी होती. मी दोनशे पावलं गेले. दाजींच्या दारात राधाबाई कणसं सोलत होती. मला बघून तिचे हात थांबले.

"राधाबाई, कडू घास पायजे. चार भाकरी आन् पिठलं द्या."

"कोन गेलं गं?"

मी सांगितलं, तांब्यापासून पाणंदीपर्यंत सगळं. तिच्या दारात उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं. ऐकून झाल्यावर तिनं चुलीपाशी जाऊन तव्याखाली जाळ सारला. भाकरी थापता थापता म्हणाली, "इचारायचं तरी हुतंस. हौसाची हळद म्हणून म्या नवं लुगडं काढून ठेवलं हुतं. म्हटलं, भाऊकी हाय, आयत्या वेळेला बलिवत्याल."

मी फडक्यात भाकरी बांधून घेतल्या. दुसऱ्या दिवशी वाडीभर झालंच. तेव्हापासून मला रीतींचे अर्थ कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.

घरी आले तेव्हा अनशीचं रडणं ओसरलं होतं. मी ताट तिच्यापुढं ठेवलं आणि समोर बसले. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला.

"राधाबाईंच्या हातची हाय न्हवं?"

"व्हय."

"तवा इचारलं असतं, तर बसली असती का वो ती दोघं पाटावर?"

खोटं बोलायला जागा होती. राधाबाईचं लुगडं अनशीला ठाऊक नव्हतं.

"बसली असती," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि घास तोंडात घातला. ती सावकाश जेवत होती. तिचं ताट संपेपर्यंत मी तिथून उठले नाही.