उपाशी वाफा

वाफे दोन होते. दोन्ही दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एकाच सकाळी खणलेले, कडेला फुटकी कौलं उभी केलेले. दोन्हींत सावीची चोवीस-चोवीस रोपं. सावी ही मोहरीच्या कुळातली पालेभाजी, पस्तीस दिवसांत काढणीला येते. एका वाफ्यात वस्तीच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट घातलं, दुसऱ्याला नुसतं पाणी. पाट्याही लावल्या: 'कंपोस्ट घातलेला' आणि 'काहीही न घातलेला'.

जागा गावाची. पाच रविवार खपून आम्ही वीस-बावीस जणांनी तिथून डबर, काचा आणि एका मोटरसायकलचा सांगाडा काढला होता. पण गावप्रमुख पाक मार्गियोनो (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बू') यांना तिथे लग्नाच्या हॉलसाठी गाड्या लावायची सोय करायची होती. ते म्हणाले, "कंपोस्टनं फरक पडतो हे मला डोळ्यांनी दिसू दे, जागा तीन वर्षं तुमची. नाही दिसला, तर सोमवारी खडी टाकतो."

मी मृदाशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी परतले होते, म्हणून हे दोन वाफे माझ्याकडे आले. दुसऱ्याला काही घालायचं नाही, हे मी तीन रविवारी, चहा आणि तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, तळलेल्या वड्यांच्या वेळी, समजावून सांगितलं. सगळे "हो, हो" म्हणाले. आमच्या वस्तीत 'हो'चा अर्थ 'ऐकू आलं' असा असतो, हे मी चार वर्षांत विसरले होते.

फक्त बू तार्मींनी विचारलं, "म्हणजे त्याला उपाशी ठेवायचं?"

"तुलनेसाठी, बू."

"पाहुणे येणार ना गं बघायला?"

"त्यांना दाखवायलाच तर."

"हो," बू तार्मी म्हणाल्या.

दर शनिवारी मी पट्टी घेऊन उंची मोजत होते. पहिल्या आठवड्यात दोन्ही वाफे सारखे. दुसऱ्यात उपाशी वाफा एक सेंटिमीटरनं पुढे. तिसऱ्यात तीन. मी वहीत तीन शक्यता लिहिल्या: ऊन कमीजास्त, निचरा कमीजास्त, किंवा त्या कोपऱ्यात पूर्वी काहीतरी कुजलेलं. ऊन आणि निचरा तपासले, सारखेच निघाले. तिसरीसाठी म्हाताऱ्यांकडे चौकशी केली. एकांच्या मते तिथे बदकांचा खुराडा होता, दुसऱ्यांच्या मते पोलीस चौकी. माणसं ही शक्यता मी लिहिली नव्हती.

पस्तिसाव्या दिवशी, पाहणीच्या सकाळी, उपाशी वाफ्यातली पानं तळहाताएवढी रुंद होती. कंपोस्टवाल्यातली बरी होती.

आमच्या गल्लीचे प्रमुख पाक बार्जो कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "लारास, पाट्या बदल."

"पाक, हे खोटं होईल."

"अगं, भाजी खरी आहे ना? फक्त पाटी खोटी. दोन खिळ्यांचं काम."

मला पाच रविवार आठवले. मी दोन्ही पाट्या उपटल्या. त्या हातात असतानाच पाक मार्गियोनो ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचले.

"कुठली कुठे लावायची होती?" त्यांनी विचारलं.

पाक बार्जो आभाळाकडे बघू लागले. मी पाट्या जशा होत्या तशा परत लावल्या.

पाक मार्गियोनोंनी दोन्ही वाचल्या, वाकून एक पान बोटांत धरलं. "म्हणजे काही न घातलेलं बरं. मग सोमवारी खडी."

"काही न घातलेलं कसं?" बू तार्मी पुढे आल्या. "मी रोज सकाळी तांदळाचं धुवण घालते त्याला."

"रोज?" मी विचारलं.

"मग काय, एक दिवसाआड जेवतात का?"

मग बू पोनिरा म्हणाल्या की त्या तेंपेसाठी सोयाबीन उकडल्यावरचं पाणी घालत होत्या. "पण मला वाटलं, मी एकटीच."

"मीपण तेच समजत होते," बू वागियेम म्हणाल्या. त्यांच्या शेळ्या आहेत. "लेंड्या घातल्या मी. फार नाही, दोन टोपल्या. लोक येणार आणि आपल्या वस्तीचा एक वाफा तसा पिवळा उभा? लाज वाटते बाई."

"आणि दुसऱ्याला?" पाक मार्गियोनोंनी विचारलं.

"त्याचं पोट भरलेलं होतं की. पाटीच होती तशी."

सात जणी निघाल्या. आठवे पाक बार्जो. त्यांनी मासे धुतलेलं पाणी दोनदाच घातलं होतं, आणि ते आभाळाकडे बघतच बोलले.

मी वहीत सगळं लिहून घेतलं आणि तिथेच बेरीज केली. उपाशी वाफ्याच्या पोटात कंपोस्टवाल्याच्या साधारण अडीचपट गेलं होतं. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

पाक मार्गियोनोंनी बोटांतलं पान उलटून बघितलं. "जास्त खाल्लं ते जास्त वाढलं. एवढंच ना?"

"एवढंच सिद्ध झालं, पाक. कंपोस्टबद्दल काहीच झालं नाही."

"तीन वर्षं देता येणार नाहीत." त्यांनी पान सोडून दिलं. "एक हंगाम देतो. पुन्हा करा. पण न घातलेला वाफा माझ्या कचेरीच्या अंगणात करायचा. तिथे फाटक आहे आणि त्याला कुलूप आहे."

"माती इथलीच न्यावी लागेल," मी म्हणाले.

"न्या."

पुढच्या रविवारी आम्ही हातगाडीवरून माती नेली. रोपं लावून झाली, फाटकाला कुलूप लागलं. परतताना बू तार्मी नेहमीपेक्षा हळू चालत होत्या.

"पाणी कोण घालणार त्याला?"

"मी, बू. मोजून."

"आणि त्याच्याशी बोलणार कोण?"

"कोणीच नाही."

"हो," बू तार्मी म्हणाल्या, आणि वळून एकदा कुलपाकडे बघितलं.