तांदळातलं नाव

प्रेमा हे तिचं खरं नाव आहे, हे वाचकांना सांगूनही पटत नसे. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईचं नाव प्रेमा, म्हणजे टोपणनावच असणार, असं लोक धरून चालत. हिंगोलीत स्टेशनच्या बाजूला राहणारी, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली ही बाई दुपारची कामं आटोपली की मोबाइलवर कादंबऱ्या लिहायची आणि वाचनाच्या एका ॲपवर भाग भाग करून टाकायची. कुठकुठल्या गावच्या बाया त्या भागांची वाट बघत बसत. दूध उतू गेलं तरी चालेल, पण भाग चुकायला नको, अशी त्यांची तऱ्हा.

तिची सगळ्यात पहिली वाचक मात्र सेनगावात होती. मंजुषा, तिची वहिनी. मंजुषाचा नवरा विश्वंभर हा प्रेमाचा थोरला भाऊ. बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं त्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरी येईपर्यंत त्याच्याजवळचे शब्द संपलेले असत. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. पण बायकोला जवळ बसवून तो दोन गोड शब्द बोलला असंही कधी झालं नव्हतं. मंजुषा प्रेमाच्या कादंबऱ्या वाचायची ती म्हणूनच. त्यातले नायक भारी बोलके.

तरी तिला स्वतःचा संसार कोरडा वाटत नव्हता, कारण तिच्याजवळ एक गोष्ट होती. लग्नातली. नवरीचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा ताटात तांदूळ पसरले. गुरुजींनी 'व' अक्षर काढलं होतं आणि सासूबाईंनी, रुक्माबाईंनी, 'वैशाली' नाव आधीच ठरवून टाकलं होतं. विश्वंभरने सोन्याची अंगठी हातात घेतली आणि तांदळात लिहिलं, मंजुषा. गुरुजी म्हणाले, अक्षर जुळत नाही. रुक्माबाई म्हणाल्या, हे काय नवीनच. आयुष्यात आईपुढे कधी मान वर न केलेला तो पोरगा म्हणाला, "लिहीन तर हेच. न्हाई तर ताट उचला."

ताट कुणी उचललं नाही. कनेरगाव नाक्याहून आलेली ती नवरी खाली मान घालून बसली होती आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. कोण कुठला माणूस, एकदाच पाहायला आलेला, आणि माझ्या नव्या नावासाठी भर मांडवात आईशी भांडतो! पुढे तो फारसं बोलला नाही तेव्हा तिने मनाला हेच सांगितलं. बोलत नाही, पण जीव आहे. त्यात आणखी, बाकीचे नवरे बायकोला 'अगं', 'ऐकलं का' करत, तसं विश्वंभर करत नसे. तो मंजुषा अशी पूर्ण नावाने हाक मारायचा, सावकाश, एकही अक्षर न खाता. गल्लीतल्या बायांना याचं कोण कौतुक. हळदीकुंकवाला तांदळाची ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की शेजारच्या मिराबाईंना ती पाठ झाली होती.

प्रेमाच्या नव्या कादंबरीचा तो भाग मंजुषाने एका दुपारी वाचला. स्वयंपाकघरात बसून, तूर निवडता निवडता. कादंबरी पुण्यातली होती. नायक मोठ्या कंपनीत, गाडीबिडी असलेला. त्याचं जाई नावाच्या मुलीवर प्रेम होतं, पण तिच्या घरच्यांनी तिचं लग्न दुसरीकडे लावून दिलं. मग याच्याही आईने याचं जमवलं. लग्नात तांदळाचं ताट आलं. गुरुजींनी दुसरं अक्षर काढलेलं. नायकाने अंगठी घेतली आणि तांदळात जाई असं लिहिलं. आई ओरडली. नायक म्हणाला, "लिहीन तर हेच. नाहीतर ताट उचला."

मंजुषाचा हात तुरीत थांबला. लेखकांना वाटतं, गाव बदललं आणि नाव बदललं की गोष्ट बदलते. प्रेमालाही तसंच वाटलं असणार. शिवाय तिला मोह आवरला नसावा, कारण भागाच्या खाली तिने वाचकांसाठी चार ओळी जोडल्या होत्या. हा प्रसंग मी लहानपणी करवली म्हणून उभी असताना माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या मुलीला चिठ्ठ्या पोचवणारीही मीच होते. त्या माणसाने आजवर कुणाला काही सांगितलं नाही, फक्त रोज घरात तिचं नाव घेतो. नावं बदलली आहेत.

मंजुषाने त्या ओळी परत वाचल्या. लग्नात करवली प्रेमाच होती, परकर-पोलकं घालून कलश धरून उभी. म्हणजे मंजुषा नावाची एक मुलगी होती. खरीखुरी, चालतीबोलती, कुठल्या तरी घरात अजूनही असेल. आणि आपण इतकी वर्षं जिच्यावर मिरवलो ती हाक आपल्याला कधी नव्हतीच. तिला रडू आलं नाही. लाज वाटली. ती गोष्ट किती तोंडांनी, किती घरांत सांगितली, ते आठवून तिचे कान तापले.

मग तिने ते केलं जे करायला नको होतं. खाली जाऊन लोकांचे अभिप्राय वाचले. ते संपतच नव्हते. लातूरची एक म्हणत होती, 'रडून रडून डोळे सुजले, असं प्रेम नशिबात पाहिजे.' नांदेडच्या एकीने लिहिलं होतं, 'रोज तिचं नाव घेता यावं म्हणून बायकोचं नाव बदललं, याला म्हणतात खरा प्रियकर.' कुणी नायकाला देव म्हटलं होतं. कुणाला लेखिकेचे हात चुंबायचे होते. बायकोची आठवण फार थोड्यांना झाली होती. त्यातल्या एकीने लिहिलं होतं, 'तिचं काय वाईट झालं? घर मिळालं, कुंकू मिळालं, नावसुद्धा मिळालं.' त्याला आवडल्याचे शेकडो लाल बदाम पडले होते.

मंजुषा कादंबरीत परत वर गेली आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. लेखिकेने त्या नवरीला पहिलं नाव दिलंच नव्हतं. तांदळात जाई लिहीपर्यंत ती नुसती 'ती मुलगी' होती.

संध्याकाळी मिराबाई विरजण मागायला आल्या. वाटी हातात घेऊन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"वाचलं का वो प्रेमाताईचं? ते तांदळाचं? मला तर वाचता वाचता तुमचीच याद आली. बराबर तसंच सांगता ना तुमी, ताट उचला म्हणून?"

"व्हय," मंजुषा म्हणाली. "आमच्याच लग्नातलं घेतलं ताईंनी."

"आन् ते दुसरीचं नाव?"

"ते बनवलेलं. कादंबरी म्हटल्यावर काहीतर घालावंच लागतं की."

मिराबाईंनी मान डोलावली, पण जाता जाता त्यांनी मंजुषाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आपल्या संसाराची अब्रू झाकायला आपणच खोटं बोललो, आणि तेही इतकं सहज, याचं मंजुषाला वाईट वाटत राहिलं. आता ही गोष्ट परत कधी सांगता येणार नव्हती. सांगायला दुसरी गोष्टही नव्हती.

विश्वंभर घरी आला, पाय धुतले, आणि नेहमीसारखा म्हणाला, "मंजुषा, चहा टाक."

तिने चहा टाकला. पण ते नाव त्याच्या तोंडून आलं तसा तिने त्याचा चेहरा निरखला. डोळे मोबाइलवर, भाव बियाण्यांचे बघत होता. विचारावं का? काय विचारावं? कोण होती ती, कशी होती, अजून आठवते का? या वयात, मुलगी नर्सिंगला घालून, बाई असं विचारते का? तिने साखर जास्त घातली. त्याने चहा मुकाट्याने पिऊन टाकला.

पुढचे दिवस तिचे फार वाईट गेले. हाक आली की ओ द्यायला तोंड उघडायचं आणि वाटायचं, आपण कुणाची तरी ओ चोरून राहिलो. रोज दुपारी ती अभिप्राय उघडायची. जखमेची खपली काढावी तसं चाललं होतं. शेवटी एका दुपारी तिने स्वतः लिहायचं ठरवलं. ॲप म्हणालं, आधी नाव टाका.

तिचं बोट जरा वेळ तसंच राहिलं. मग तिने लिहिलं, शिला. ते तिचं माहेरचं नाव. आधारकार्डावर नाही, रेशनकार्डावर नाही, कुणाच्या तोंडात नाही. आई-वडील होते तोवरही तिला 'अक्का'च म्हणत, कारण ती थोरली. लग्नाच्या पत्रिकेवर ते छापलं होतं, त्यानंतर कुठेच नाही. अक्षरं बघून तिला एकदम भरून आलं.

खाली तिने लिहिलं, 'आणि त्या बायकोचं काय? तिला कुणी विचारलं का?'

उत्तरं पटापट आली. 'ताई, तुम्हाला खरं प्रेम कळलंच नाही.' 'बायको म्हणजे व्हिलन हो, तिच्यामुळे ते वेगळे झाले.' 'एवढा त्रास होतो तर वाचू नका.' तिने प्रत्येकीला परत तेच विचारलं. बायकोचं काय? मग खुद्द लेखिकेचं उत्तर आलं. 'शिलाताई, मनापासून आभार. ती व्यक्तिरेखा मी मुद्दामच पुसट ठेवली आहे. तिला काही कळत नाही, म्हणूनच ती सुखी आहे.' पुढे हसरा चेहरा होता.

ज्या नणंदेची वेणी घातली, जिच्या दोन्ही बाळंतपणांना उशापायथ्याशी बसली, तिने शिलाताई लिहिलं आणि तिला काही आठवलं नाही. मंजुषाला त्या क्षणी प्रेमाचा जितका राग आला तितका आजवर कुणाचाच आला नव्हता.

रविवारी प्रेमा सेनगावला आली. दर दोन-चार महिन्यांनी ती यायची, आणि आली की धपाटे ठरलेले. मंजुषाने धपाटे थापले, ठेचा केला, दही लावलं. हात सवयीने चालत होते. विश्वंभर आणि प्रेमा शेजारी शेजारी जेवायला बसले. प्रेमा खुशीत होती. वाचक कसे वेडे झालेत, एका पुस्तकवाल्याचा फोन कसा येऊन गेला, सगळं सांगत होती. कथा काय आहे ते मात्र भावासमोर सांगत नव्हती. दादा वाचत नाही, आणि वहिनीला कळणार नाही, अशा हिशेबात निवांत होती.

"पण वैनी, एक बाई लई डोकं खाऊन राहिली. बायकोचं काय, बायकोचं काय. दुसरं बोलणंच न्हाई."

"कोणती बायको?" विश्वंभरने विचारलं.

प्रेमाचा घास जरा अडकला. "कथेतली रे दादा."

"नाव काय म्हणलं त्या बाईचं?" मंजुषाने विचारलं. तव्यावरचा धपाटा तिने उलटला नव्हता.

"शिला."

मंजुषा वळली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. बाकी काही नको होतं तिला. त्याने नुसतं वर पाहिलं असतं, कपाळाला एक आठी पडली असती, 'हे नाव कुठं तरी ऐकलंय' एवढं जरी म्हटलं असतं, तरी ती सगळं गिळून टाकणार होती. तिने मनात तसं कबूल करून टाकलं होतं. ती मुलगी, ते तांदूळ, ती इतक्या वर्षांची हाक, सगळं.

विश्वंभरने दह्यात धपाटा बुडवला. "असंल कोणी रिकामी बाई. काम न्हाई लोकांना."

"तुमी ऐकलं का कधी हे नाव?" मंजुषाने विचारलं.

"न्हाई बा. काहून?"

प्रेमा हसायला गेली आणि वहिनीचं तोंड बघून थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. चाणाक्षच होती ती, लेखिका होती. कळायला तिला उशीर झाला, पण कळलं.

"वैनी..." ती म्हणाली. "तुमी?"

"मी," मंजुषा म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं. तुमी वाटल्या होत्या ना ताई, अख्ख्या गल्लीत?"

घरात धपाटा करपल्याचा वास सुटला. विश्वंभर एकदा बहिणीकडे, एकदा बायकोकडे बघू लागला. काय झालं ते त्याला उमगलं नव्हतं, पण बहीण मान वर करेना आणि बायकोच्या डोळ्यांतून पाणी गळून राहिलंय, एवढं दिसत होतं. घाबरून त्याने घास ताटात ठेवला आणि नेहमीच्या त्या सावकाश, एकही अक्षर न खाणाऱ्या आवाजात हाक मारली.

"मंजुषा..."

"तिला काहून हाका मारता?" ती म्हणाली. "ती न्हाई इथं. कधीच नव्हती."