उलट बाजूचा कागद

पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. पेन्सिलदादांनी त्याला उत्तर तर दिलं नव्हतंच, पण त्याची घडीही पुन्हा उलगडली नव्हती. गरजच नव्हती. मजकूर पाठ झाला होता.

‘पेन्सिलदादांना नमस्कार. इथल्या गिरणीत नव्या मुलींना ओवणी शिकवायला मला बोलावलंय, एक तारखेपासून. पण त्या तिरप्या रेघांच्या कापडापासून माझाच माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिलेला नाही. कागद तुमच्या हातचा होता, म्हणून तुम्हाला विचारते. माझं चुकलं होतं का? चुकलं असेल तर मी नाही म्हणून कळवीन.’

खाली सही होती ‘घारताई’. हे नाव तिला पेन्सिलदादांच्या गिरणीने दिलेलं, ती तिथे ओवायची तेव्हा. तुटलेला धागा ती दहा हातांवरून हेरायची.

गिरणीत कामाची वाटणी ठरलेली होती. खाली साळखात्यात कापड विणायचे साचे पुरुष चालवायचे. वर बायका कांड्यांवर सूत भरायच्या, आणि त्यांतल्या निवडक जणी साच्यावर चढणारे हजारो धागे आकडीने एकेक करून ओवायच्या. पुरुष म्हणायचे, बायकांची बोटं बारीक असतात म्हणून. बायका म्हणायच्या, ज्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही, त्यांच्या हाती धागे कोण देणार? जिन्याजवळच्या खोलीत बसून, कोणता धागा कुठून जायचा त्याचे कागद काढणारे पेन्सिलदादा ना वरचे होते ना खालचे. कानावर पेन्सिल, हातात ग्रंथालयाचं पुस्तक आणि तोंडाला कुलूप.

प्रत्येक नक्षीचे ते दोन कागद काढत. साचेवाला पुढून बघतो, ओवणारी मागे बसते. त्याचं डावं ते तिचं उजवं. म्हणून वरच्या मजल्याचा कागद उलटा काढायचा आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या तळाशी बाण करायचा. नऊ वर्षांपूर्वी एकदा त्यांच्याकडून बाण राहिला आणि कागदांची अदलाबदल झाली. घारताईने कागदाबरहुकूम एकूण एक धागा ओवला. कापडाच्या तिरप्या रेघा भलतीकडे झुकल्या, व्यापाऱ्याने माल परत पाठवला. ‘बाईला डावं-उजवं कळत नाही,’ म्हणत मुकादमाने तिला कांड्यांवर बसवलं. त्याच संध्याकाळी पेन्सिलदादांना वर जायचा तो उलटा कागद साळखात्यात सापडला. त्यांनी तो खिशात घातला आणि ते गप्प बसले.

“अहो,” बायको म्हणाली, “आज रविवार आहे आणि तुम्ही सकाळपासून एकच पान वाचताय. पुस्तक अवघड आहे की खूण अवघड आहे?” आणि तिने खुणेला ठेवलेलं पत्रच ओढून घेतलं.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, “चुकलं होतं का तिचं?”

“नाही.”

“मग लिहा की तसं!”

“माझं चुकलं होतं.”

बायको खाली बसली. तीही त्याच गिरणीत वरच्या मजल्यावर कांड्या भरायची. “गाव सोडून जाईपर्यंत दोन वर्षं माझ्या शेजारी बसली होती ती. एवढ्या नजरेची बाई, आणि धागा बोटांनी चाचपून बघायची. मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू सगळ्या मजल्याला सांगितलं असतंस.”

“सांगितलंच असतं!”

“आता लिहिलं तर मुकादमाच्या कानावर जाईल. दोन वर्षं राहिलीत नोकरीची.”

“मग आधी मुकादमालाच सांगा. म्हणजे त्याला कळेल ही भीतीच उरणार नाही.”

पेन्सिलदादांनी पुस्तक मिटलं.

सोमवारी ते साळखात्यात उतरले. साच्यांच्या खडखडाटात तिथे कान कुचकामाचे. सगळे एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे. ते मुकादमासमोर उभे राहिले आणि सवयीप्रमाणे पुटपुटत त्यांनी बाणाची चूक आणि घारताईचा प्रश्न सांगितला. पुटपुटणं आणि ओरडणं तिथे सारखंच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मुकादमाने वाचलं, तसं दोन्ही रांगांतल्या साचेवाल्यांनीही वाचलं.

“अरे, पेन्सिल बोलली!” एकाचे ओठ हलले.

मुकादम त्यांना दंडाला धरून जिन्यात घेऊन आला. “कापड फाटून त्याची फडकीसुद्धा झिजली असतील, आणि तुम्ही आज सांगताय?”

“हो.”

“माणूस आहात की कुलूप?”

“कुलूप,” पेन्सिलदादा प्रामाणिकपणे म्हणाले.

मुकादमाला हसू फुटलं. पण ते लगेच विरलं. तो खालच्या पायरीवर बसला. “कागद मागवून बघणं माझं काम होतं. मी बाईकडे बघितलं आणि मोकळा झालो. तिला तेही लिहा. माझी सही घ्या.”

नोकरीबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

घरी येऊन त्यांनी चार पानं लिहिली. बायकोने ती वाचली. “हे काय? पहिल्या पानावर मनाची घालमेल, दुसऱ्यावर पश्चात्ताप, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यावर! ती तोपर्यंत नकार कळवून मोकळी होईल.”

मग त्यांनी एकच पान लिहिलं.

‘घारताई, तुमचं चुकलं नव्हतं. कागदावर बाण करायला मी विसरलो, म्हणून खालचा कागद तुमच्याकडे आला आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही त्यावरून एकही धागा चुकवला नाहीत. मुलींना जरूर शिकवा. माझ्यावर रागवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.’

खाली मुकादमाने दोन ओळी लिहून सही केली. त्याखाली उरलेल्या जागेत बायकोने खरडलं, ‘राग धरायचाच तर दमदार धर. मी तुझ्या बाजूने आहे.’

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलदादा फाटकाजवळच्या पेटीपाशी गेले. पत्र पोचायला दोन दिवस. एक तारखेला अजून पाच होते. त्यांनी पत्ता दोनदा तपासला. तिसऱ्यांदा तपासणार, तोच मागून बायकोचा आवाज आला, “अहो, पत्ता बरोबर आहे!”

त्यांनी पाकीट आत सोडलं.