रेडिओ बंद आहे

"हे बघा" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा बाहेर आली. पुन्हा जोर लावला, तर गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा काहीतरी आवाज निघाला. खोलीतली सगळी पोरं पेनं खाली ठेवून तिच्याकडे बघायला लागली.

"रेडिओ बंद पडला!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

पोरं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे रेडिओ. तिला ते माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडं आवडतही होतं. विद्यापीठात एम.एस्सी. करता करता ती पहिल्या वर्षाच्या एका अभ्यासगटाची सहायक होती. गटातली मुलं वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर राहत, तेच विषय बरोबर शिकत आणि संध्याकाळी या खोलीत जमून एकमेकांच्या मदतीने अभ्यास करत. निदान ठरलं तरी तसं होतं. सहायकाने सोबत बसायचं, कुणी अडलंच तर वाट दाखवायची. पण ही बाई वाट दाखवायच्या ऐवजी पोरांना खांद्यावर घेऊन थेट मुक्कामाला पोचवायची. गणित निघायचा अवकाश, हिच्या हातात खडू आणि तोंडाचा पट्टा सुरू! पोरांना सगळं समजायचं, अगदी परीक्षेत पेपर समोर येईपर्यंत समजलेलं असायचं.

पहिल्या चाचणीत निम्मा गट आपटला. सगळ्यात जोरात आपटली टोपीवाली. डोक्यावर कायम लोकरीची टोपी, आणि गटात कधी चकार शब्द नाही. तिच्या वडिलांचं टायर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं, शुक्रवारच्या चाचणीत पास झालीस तर राहा, नाहीतर सामान बांध, दुकानात माणूस हवाच आहे. टोपीवालीने हे ताईला एकदा जिन्यात सांगितलं होतं, मान वर न करता. तेव्हापासून ताईच्या जिवाला घोर लागला होता. आणि नेमका आताच हा घसा!

"आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजसुद्धा नाही."

बोलायचं नाही तर नाही, लिहीन की, असं मनाशी म्हणत तिने दुसऱ्या दिवशी खडू उचलला. पण तोंडाच्या वेगाने हात चालेना. ती दुसऱ्या ओळीवर पोचते न पोचते तोच कप्तान ओरडला, "म्हणजे इथे भागायचं ना?" कप्तान म्हणजे गटातला सगळ्यात मोठ्या गळ्याचा मुलगा.

"भागायचं कशाला? गुणायचं!" एक मुलगी उसळली.

"का पण?"

"का म्हणजे काय, ये इकडे, दाखवते!"

बघता बघता फळ्यापाशी ही गर्दी! ताईला कुणी विचारेना. ती खडू हातात धरून भिंतीला टेकली आणि बघतच राहिली. असं भांडण या खोलीत कधी झालंच नव्हतं. तिने होऊच दिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी चहाच्या पातेल्याचा हाताला चटका बसला आणि ती किंचाळली, "आई गं!"

"आला की आवाज!" आई स्वयंपाकघरात धावत आली.

"आई, शुक्रवारपर्यंत हा आवाज गेलेलाच आहे. कुणालाही सांगायचं नाही."

"म्हणजे घरात बोलणार आणि तिकडे गप्प बसणार? त्यापेक्षा उलटं कर. आम्हालाही जरा आराम."

गुरुवारी ती खोलीत घशाला मफलर गुंडाळून बसली. फळ्यावर गणित होतं. पिशवीत पाच लाल आणि तीन पांढरे चेंडू, एकामागून एक दोन काढले, परत टाकले नाहीत, तर दोन्ही लाल निघण्याची शक्यता किती?

"सोपं आहे," कप्तान म्हणाला. "पाच छेद आठ गुणिले पाच छेद आठ."

सगळे लिहून घ्यायला लागले. चूक! साफ चूक! ताई खुर्चीत चुळबुळली. उद्या चाचणी, आणि सगळा गट चुकीचं उतरवून घेतोय. आवाज घशात तयार होता, एक हाक मारली की काम झालं असतं. तिने ओठ दाताखाली धरला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

"पण पहिला चेंडू अजून माझ्या हातात आहे."

कोण बोललं ते कुणालाच कळलं नाही. मग टोपीवाली उभी राहिली. कान लालबुंद झाले असतील, पण ते टोपीखाली होते. तिने ती टोपी काढलीच! आत बारीक कापलेले केस, सगळे उभे. तिने टोपीत पाच लाल आणि तीन पांढरे खडू टाकले आणि ती कप्तानसमोर धरली.

"काढ एक. बघायचं नाही."

कप्तानने लाल काढला.

"आता परत टाकू नको. आत किती उरले?"

"सात."

"त्यात लाल?"

"चार... अरे! अरे थांबा, खोडा ते! चार छेद सात!"

खोलीत नुसता कल्ला झाला. "आणि तीन काढले तर?" टोपीवाली त्या गोंधळातही विचारत होती, आणि सगळे तिच्याभोवती गोळा होत होते. ताईने टाळ्या वाजवल्या, हात झोंबेपर्यंत वाजवल्या. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळे पुसायला मफलर होताच.

शुक्रवारी चाचणी संगणकावर होती, निकाल लगेच पडद्यावर. टोपीवाली दार ढकलून बाहेर आली ती ओरडतच.

"बाबा! पास! चांगली पास!"

वडील व्हरांड्यात उभे होते. सामान न्यायला आणलेली रिकामी खोकी त्यांनी भिंतीशी रचून ठेवली होती.

"खरंच?" ते म्हणाले. "शिकवलं कुणी गं तुला?"

ताई एक पाऊल पुढे आली.

"कुणी नाही, बाबा. आमचं आम्हीच केलं. या आमच्या ताई. यांचा तर आठवडाभर आवाजच बसलाय, बिचाऱ्या नुसत्या बसून होत्या."

बुधवारपासून अडवून धरलेलं सगळं ताईच्या ओठांवर आलं. एक वाक्य पुरलं असतं. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण समोर ती पोरगी आनंदाने जागच्या जागी उड्या मारत होती, आणि "आमचं आम्हीच" म्हणताना तिचा आवाज कसा खणखणीत लागला होता.

"आमच्या दुकानातही ओरडून ओरडून घसा बसतो," वडील म्हणाले. त्यांनी खिशातून खोकल्याची एक गोळी काढून ताईपुढे धरली. "ही चघळा, बाई. आणि अजिबात बोलू नका."

तिने कागद सोडवून गोळी तोंडात टाकली आणि हसून मान हलवली.