शंभराच्या आतलं मॉडेल

सुनेचं मॉडेल सासऱ्यांनी तपासायचं, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. सकाळी एकाच टेबलावर चहा प्यायचा, आणि दहा वाजता त्याच माणसापुढे फाइल धरून उभं राहायचं! घरातले बाबा कारखान्यात मोजणीसाहेब होते.

कारखाना कपडे धुण्याच्या मशीनचा. नवं मशीन आधी कंप्युटरमध्ये समीकरणांच्या जोरावर फिरवायचं आणि कपडे पिळताना किती हादरतंय ते बघायचं. समीकरणांच्या त्या गाठोड्याला म्हणायचं मॉडेल. मोजणीसाहेब त्याची गुंतागुंत मोजत. दर समीकरणाला एक गुण, दर अंदाजाला पाच. आणि इथे जास्त गुण म्हणजे नापास, बरं का! यंदापासून शंभराच्या आत बसलं तर मशीन चाचणीशिवाय थेट बनायला घ्यायचं, नाही तर मॉडेल कपाटात. जे कुणाला उलगडत नाही त्यातली चूक कुणाला सापडणार, असं साहेबांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

सूनबाईंच्या मॉडेलला तीनशे बारा गुण पडले.

"अहो साहेब, तीन वर्षं राबलेय मी यावर!"

"दिसतंय. सापडेल ते कोंबलंयस. चार वाजेपर्यंत शंभराच्या आत आण, नाही तर कपाट."

कपाट म्हणजे तीन वर्षं पाण्यात. ती तणतणत जागेवर आली आणि कात्री चालवायला बसली.

दाराची काच काढली. पडद्यावरची हादऱ्यांची रेघ जशीच्या तशी. पाण्याची नळी उडवली. रेघ ढिम्म! रबर, झाकण, साबणाचा कप्पा, एकेकाला रजा दिली. तीनपर्यंत गुण एकशे चारवर आले आणि बाई गुणगुणायला लागल्या. आता काय काढावं? गंमत म्हणून तिनं ओले कपडेच काढून टाकले.

अठ्ठ्याण्णव! आणि रेघ अजून ढिम्म. ती टाळी वाजवून उठली, आणि तशीच मटकन खाली बसली.

अगं बाई, कपडे काढल्यावर तरी हादरे कमी व्हायला नकोत का? तिनं आत शोधलं. ड्रममधल्या कपड्यांच्या वजनाच्या जागी शून्य! तीन वर्षं ती रिकामं मशीन फिरवत होती, आणि वर हे जागचं हलणार नाही म्हणून छाती फुगवून सांगत होती.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोला? पण हे मशीन उद्या कुणाच्या तरी घरी ओल्या चादरी घेऊन नाचत सुटणार होतं.

"अठ्ठ्याण्णव? शाब्बास!" साहेबांनी पेन उघडलं.

"थांबा. यात कपडेच नाहीत." तिनं एका दमात सगळं सांगितलं. "टाका कपाटात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ड्रमचा भाग कुठून घेतलास?"

"जुन्या फायलीतून. सगळे तिथूनच उचलतात. एकवीस वर्षं चालतंय, म्हणून कुणी उघडूनही बघत नाही."

"ती फाइल माझी." साहेबांचा चेहरा पार उतरला. "एकदा रिकामं फिरवून बघायचं होतं, म्हणून शून्य घातलं. परत वजन भरायचं राहूनच गेलं. चाचणीत मशीन नाचायचं, तेव्हा आम्ही मेले फरशीला दोष द्यायचो!"

तिला हसू फुटलं आणि रडूही आलं.

साहेबांनी तपासणीचा कागद ओढला. 'नापास', त्यांनी लिहिलं. 'चूक माझ्या फायलीत. खऱ्या मशीनची चाचणी घ्या, ओले कपडे घालून.'

"माझंही नाव घाला," ती म्हणाली. "मीही बघितलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. पंख्याच्या वाऱ्यानं कागद सरकत होता. सूनबाईंनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.