माझ्यासोबत पेंढा हवा होता

आधीच माफी मागतो. मी बिनकाट्याचा निवडुंग बोलतोय, आणि माझं बोलणं लिहून घेतोय संघर्ष. त्याने आठवीतच शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्द साधेच असतील. एरवी चारचौघांत त्याचं तोंड उघडत नाही. कागदावर तरी खरं उतरू दे.

मी मूळचा कोकणातला नाही. घाटावर, पाऊस जिथे हात राखून पडतो, तिथल्या चारा केंद्रात वाढलो. गवत संपलं की आमची जाड पानं कापून जनावरांना घालतात. चार वर्षांमागे संघर्ष तिथे आला. काशीदच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. ऐन विशीतला, सगळ्यांच्या मागे बसलेला. केंद्रातल्या बाई सांगत होत्या, "कापलेलं पान आठ-दहा दिवस सावलीत सुकवा, मग उंच जागी लावा. जनावराला नुसतं घालू नका, आत पाणीच असतं. सुक्या चाऱ्यात मिसळा, नाहीतर हगवण लागेल." त्याने मान डोलावली आणि दहा पानं गोणीत भरून एसटीने घरी आणली. त्यातलं एक मी.

घरात तो आणि त्याला वाढवणारी आत्या, इंदूबाई. तिच्या पाच शेळ्या. डोंगरावरचा माळ प्लॉटवाल्यांनी तार ओढून बंद केला, तेव्हापासून एप्रिल-मे तिच्या जिवावर यायचे. "शेळ्या तगल्या तर हितं ऱ्हायची," ती म्हणायची, "न्हायतर इकायच्या आणि नागावला होमस्टेत भांडी घासायची."

शेजारचे दत्तात्रेय पहिल्याच दिवशी दगडी गडग्यावरून वाकून म्हणाले, "काटंच न्हाईत तर निवडुंग कसला, इंदूबाय? पोरानं दात पाडलेला कुत्रा आणलान."

"बरा की, दत्ताभाऊ. तुमच्यासारखा भुंकत तरी न्हाय."

ती हसली तेव्हा मला ते घर आवडलं.

पण भाताचं घर ते. रोप म्हटलं की चिखल, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आत्याने आम्हाला ओलेच, भर आषाढात, भाताच्या आवणासारखे चिखलात खोचले. संघर्ष बाजूला उभा होता.

"आत्या..."

"काय रं?"

"काय न्हाय."

श्रावण सरेस्तोवर नऊ जण कुजले. मी तेवढा हातातून निसटून जांभ्या दगडांच्या ढिगावर पडलो होतो, म्हणून वाचलो. मग त्याने गुपचूप माझीच पानं तोडली, सुकवली, कातळावर लावली. तीन पावसाळ्यांत आमची लांबलचक ओळ झाली. आत्या येता-जाता हात फिरवायची. "यंदा काळजी न्हाय," म्हणायची. हा चौथा उन्हाळा आमच्यावर काढायचा ठरला होता.

मार्चमध्ये आंबेवाल्याचा टेम्पो दारात आला. आंब्याच्या पेट्यांत घालायला पेंढा लागतो; वाडीचा पेंढा दरसाल त्यालाच जातो. एरवी आत्या शेळ्यांसाठी थोडा मागे ठेवायची. यंदा म्हणाली, "समदा ने. आमच्याकडं हिरवा चारा उभा हाय."

संघर्ष भारे उचलून देत होता. नुसतं घालू नका, हे त्याला आठवत होतं. प्रत्येक भाऱ्याला त्याचे ओठ हलायचे. शेवटचा भारा त्यानेच वर फेकला.

एप्रिलमध्ये शेळ्यांनी आम्हाला अधाशासारखं खाल्लं. तिसऱ्या दिवशी हगवण लागली. टिकली नावाची गाभण शेळी पाचव्या दिवशी गेली, पोटातल्या पिल्लासकट.

"इख हाय ते," दत्तात्रेय म्हणाले. सगळी वाडी तेच म्हणाली. माणसांचं हे मी पाहिलंय. ज्याला तोंड नाही, त्याच्या माथी मारायचं.

आत्याने खाटकाला निरोप धाडला. संघर्षला म्हणाली, "उद्या ती ओळ मुळासकट काढ. डोळ्यांसमोर नको."

त्या संध्याकाळी तो माझ्याजवळ बसला आणि इथवर लिहिलं; पुढचं नंतर उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोयता घेतला नाही, कागद घेतला. आत्याला वाचता येत नाही. त्याने ओट्यावर उभं राहून तिला सगळं वाचून दाखवलं.

"तुला ठाव व्हतं?"

"व्हय, आत्या."

"टेम्पो दारात व्हता, तवा?"

"व्हय."

"बोलला असतास तर मी तुला खाल्ला असता व्हय रं?" आत्या एवढंच म्हणाली आणि दावी सोडायला गेली. घरात पेंढ्याची काडी नव्हती; उरलेल्या चार शेळ्या त्यानेच उचलून खाटकाच्या गाडीत चढवल्या. आत्याने नागावची पिशवी भरायला घेतली.

मग तो कोयता घेऊन माझ्याकडे आला. एकच पान कापलं, बारीक चिरलं आणि टोपली घेऊन दत्तात्रेयांच्या गोठ्यात शिरला. त्यांची गाय हाडांवर आली होती, पण माळ्यावर मागे राखलेला पेंढा होता.

"माझी गाय मारतोस काय रं?"

"न्हाय, काका." आवाज कापत होता, पण माझ्या ओळीपर्यंत ऐकू आला. "पेंढा जास्त, हे कमी. चूक माझी व्हती, पाल्याची न्हाय. कायबी झालं तर मला धरा. मी हितंच बसतो."

दत्तात्रेय माळ्यावर चढले. वरून त्यांनी पेंढ्याचा भारा खाली ढकलला.

संघर्षने दोन्ही हातांनी पेंढ्यात तुकडे कालवले आणि गव्हाणीपाशी बसून राहिला. गाय सावकाश खात होती. त्याच्या गोठ्यात आता कुणी नव्हतं. परतायची घाई नव्हती.