जांभळी बोटं

लहरीबाबानं मुकादमाचा फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, तशी खाणीच्या तोंडाशी जमलेली दोन-तीनशे माणसं एकदम गप्प झाली. बाबाच्या गळ्यात तांब्याच्या तारेची माळ, मनगटाला तार, कमरेला तार. एवढी तार मोटार दुरुस्तीच्या दुकानातही नसेल.

"वरची लहर खाली, खालची लहर वर! सात थर दगडाचे, सात थर वाऱ्याचे! सोड, अडवणारे, सोड!" असं म्हणून त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं.

समोरच्या दवाखान्याच्या खिडकीतून टिंग असा आवाज आला. तिथल्या खाटेवर मुकादमाची बायको मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये पडून होती. "आला! 'वर आलो' आला!" ती आतून ओरडली, आणि बाहेर धिप्पाड पुरुष लहान पोरांसारखे रडायला लागले.

मी त्याच दवाखान्याची नर्स. हे रडं का होतं ते आधी सांगते. आमच्याकडे पाळी संपवून खाणीतून वर आलेला प्रत्येक माणूस घरी दोन शब्दांचा मेसेज पाठवतो: 'वर आलो'. फोन कुणी करत नाही. पाळी सुटायच्या वेळी घरात फोन वाजला तर तो ऑफिसातून असतो, आणि ऑफिसातून एकाच कारणासाठी येतो. म्हणून बायका त्या वेळी फोनच्या टिंगची वाट पाहत बसतात आणि घंटी वाजू नये म्हणून जीव मुठीत धरतात.

गेला महिनाभर हे मेसेज जात नव्हते. 'मेसेज पाठवता आला नाही', एवढंच पडद्यावर यायचं. मुकादमाची बायको अशीच वाट पाहून पाहून खाणीकडे धावत सुटली आणि वळणावर ट्रकखाली आली. पायाच्या हाडाचे तीन तुकडे झाले. तेव्हा कुणीतरी लहरीबाबाला बोलावलं.

"निरोप सुटला," बाबा म्हणाला. "पण अडवला कुणी?" त्यानं डोळे मिटले, हात गोल फिरवला आणि बोट थेट पाण्याच्या नळाकडे रोखलं. तिथं पिंप भरत माझी वहिनी उभी होती.

"जिला मेलेल्याचा निरोप येतो, तीच जिवंतांचे निरोप खाते!"

माझा भाऊ चार महिन्यांपूर्वी खाणीत छत कोसळून गेला. त्याला वर आणल्यावर, त्याचं शरीर दवाखान्यात झाकून ठेवलेलं असताना, वहिनीच्या हातातला फोन वाजला. भावाचा मेसेज होता: 'वर आलो'. पंधरा बायकांनी तो वाचला. त्या दिवसापासून तिच्याकडे लोक कडेनं बघायला लागले होते. बाबाला फक्त काडी ओढायची होती.

पहिला फटका मुकादमाचा होता. बंद मुठीनं, सरळ तोंडावर. वहिनी पिंपावर आदळली. मग कुणी केस धरले, कुणी पट्टा काढला, आणि जिच्या हातचं पाणी रोज प्यायचे तिला त्याच बादलीनं मारायला लागले. मी मधे घुसले तर दोघांनी मला उचलून बाजूला फेकलं. माझ्या कानात बादलीच्या पत्र्याचा आवाज होता आणि वहिनीचा नव्हता. ती ओरडतही नव्हती, याची मला जास्त भीती वाटली.

"थांबा! मारू नका," बाबानं हात वर केला. "मेली तर तिच्या पोटातले निरोप कायमचे अडकतील. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तिचं फोन दाबायचं बोट तोडायचं. उजव्या हाताचं. तेच बोट लहर धरतं."

बोट तोडायला जागाही त्यानं निवडली होती: खाणीत माणसं उतरवणाऱ्या पिंजऱ्याचं दातेरी चाक. तीनशे माणसांत एकानंही 'असं कसं?' म्हणून विचारलं नाही.

वहिनीच्या भुवईला सात टाके घातले. दोन दात गेले होते. मनगट सुजलं होतं. मी चौकीवर फोन केला, तर हवालदार म्हणाला, "घरगुती मामला दिसतोय, आपसात मिटवा." मी म्हटलं, तीनशे माणसांचं घर असतं का? त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मुकादम दवाखान्यात आला. उजव्या हाताची बोटं सुजून फाटली होती.

"मारताना लागलं?" मी विचारलं.

"सिस्टर, राग धरू नका. माझी बायको त्या खाटेवर आहे."

"आणि माझी वहिनी पलीकडच्या. बसा."

मी जखम धुवायला घेतली, जरा रगडूनच. मग म्हटलं, "मुकादम, जुलाबाची साथ आली की मी काय विचारते?"

"पाणी कुठलं प्यायलात ते."

"मग हेही तसंच विचारू. मेसेज कुणाचे जात नाहीत?"

मी कालच कागदावर लिहून काढलं होतं. खाणीत उतरणाऱ्यांचे जात नव्हते. माझे जात होते. कारकुनाचे, ट्रकवाल्यांचे, शाळेतल्या मास्तरांचे जात होते. कंबर धरल्यामुळे जे तिघं महिनाभर रजेवर होते, त्यांचेही जात होते. चेटकीण जर मेसेज खात असेल, तर हजेरीपट बघून खाते म्हणायची.

"खाणीत उतरणाऱ्यांचे फोन असं काय पितात, जे बाकीचे पीत नाहीत?"

मुकादमानं खिशातून फोन काढून बघितला. "फोन खाली नेत नाही आम्ही," तो हळूच म्हणाला. "ठिणगीची भीती. दिवेघरात जमा करतो. दिवा घ्यायचा, फोन द्यायचा. वर आलो की दिवा द्यायचा, फोन घ्यायचा."

"म्हणजे आठ तास तुमचे फोन दिवेवाल्याकडे."

"पण माझ्या फोनला कुलूप आहे, सिस्टर. नमुना काढल्याशिवाय उघडत नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. मग मी त्याच्यासमोरच मोबाइल कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली. तिनं क्रमानं सगळं करायला लावलं. रेंज बघा, आहे. बॅलन्स बघा, आहे. फोन बंद करून चालू करा, केला. विमानाचं चित्र दाबून पुन्हा काढा, काढलं. नंबर अडवलेल्यांच्या यादीत तर नाही? नाही. मेसेज तरीही जाईना. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मेसेजच्या सेटिंगमध्ये संदेश केंद्राचा नंबर बघा. तुमचा प्रत्येक मेसेज आधी तिथं जातो आणि तिथून पुढे. तो चुकला तर फोन लागतील, मेसेज जाणार नाहीत."

मुकादमाचा फोन आणि माझा फोन शेजारी ठेवले. कंपनी एकच, केंद्राचा नंबरही एकच हवा. माझ्याकडे शेवटी सहा होता आणि त्याच्याकडे नऊ.

"पण काल बाबांनी तर लावून दिला होता!"

"आणि त्याआधी तासभर फोन शुद्धीला म्हणून आपल्या खोपटात नेला होता. आज सकाळच्या पाळीला पुन्हा दिवेघरात ठेवलात ना?"

त्यानं मान हलवली. मी मदत केंद्रातल्या मुलीला पुन्हा विचारलं, फोन न उघडता हा नंबर बदलता येतो का? ती म्हणाली, "तो सिमकार्डावर असतो. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की झालं." फोनला कुलूप होतं, सिमला नव्हतं.

मुकादमानं दुखऱ्या हाताची मूठ वळली आणि उठला. मी त्याला खाली बसवलं. "आता त्याला मारलंत तर तो म्हणेल, माझा काय संबंध. लोक बाबाचंच ऐकतील आणि वहिनीचं बोट जाईल. मला पुरावा हवाय."

दिवेवाला हे का करत होता, तेही मला आता उमगलं. भावाच्या मृत्यूनंतर वहिनीनं तक्रार केली होती की त्याला दिलेला दिवा अर्धवट चार्ज केलेला होता, अंधारात त्याला छताची भेग दिसली नाही. चौकशी लागली होती. तक्रार करणारी बाई चेटकीण ठरली की तिची तक्रार कोण वाचणार? बाबाला बोलावणाराही दिवेवालाच होता.

आमच्या दवाखान्यात तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध असतं. त्याची कोरडी भुकटी येते, गडद हिरवट दिसते. घामेजल्या बोटाला कणभर लागली तरी बोट जांभळं होतं आणि आठवडाभर निघत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी पाळीआधी मुकादमानं भरवशाची पाच माणसं पाठीमागच्या दारानं आणली. मी आधी मुकादमाच्या आणि त्यांच्या अशा सहाही फोनमधला नंबर बरोबर केला, मग सिमं काढून खाचेत चिमट्यानं भुकटी टाकली आणि सिमं परत बसवली; फोन जमा करताना 'आता मेसेज जातायत' असं दिवेवाल्याला ऐकवायचं ठरलं. संध्याकाळी सहाही फोनचे मेसेज गेले नाहीत. ठरल्याप्रमाणे सहाही जण बाबाकडे शुद्धीला गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुधारून परत मिळाले.

त्याच दुपारी माणसं पुन्हा खाणीच्या तोंडाशी जमली. आम्हाला वाटलं होतं आम्ही आधी पोचू. पण दिवेवाल्याची माणसं दवाखान्यात घुसली, वहिनीला खाटेवरून ओढलं आणि चाकाजवळ नेलं. दोघांनी तिचा हात दात्यांवर दाबून धरला होता. टाके उसवून रक्त डोळ्यात गेलं होतं. बाबा शालीत गुरफटून उभा होता. एवढ्या उन्हात शाल!

"चाक फिरवा!" बाबा ओरडला.

चाकाचा दांडा मुकादमाच्या हातात होता. त्यानं तो उपसून काढला आणि उगारला. "हात सोडा तिचा. नाहीतर आधी तुमचे मोडतो." दोघांनी वहिनीचा हात सोडला.

मी चाकाजवळच्या ओट्यावर चढले. "बाबा, हात दाखवा."

"कसले हात? बाई, बाजूला हो, लहर पेटली आहे!"

"दाखवा म्हणते ना."

मुकादमानं शाल ओढली. बाबाची दोन बोटं आणि अंगठा गडद जांभळा होता. बाबा डगमगला नाही. दोन्ही हात वर करून ओरडला, "बघा! मेलेल्याचं विष माझ्या अंगात उतरलं! तुमच्यासाठी सोसलं!"

गर्दीतून एक म्हातारी फणकारली, "विष कुठलं मेल्या! हे तर तोंड आल्यावर लावायचं औषध. माझ्या नातवाच्या जिभेला कालच लावलंय."

कुणीतरी हसलं. मी भुकटीची बाटली उघडली, ओलं बोट तिच्यात घातलं आणि सगळ्यांना दाखवलं. "ही मी सहा सिमकार्डांच्या खाचेत टाकली होती. सिम काढल्याशिवाय ती लागत नाही. आता दिवेवाल्याला विचारा, हात खिशात का आहेत?"

दिवेवाला पळाला. दहा पावलांवर त्याला पाडलं. त्याची बोटं वर धरली तर पाचही जांभळी. मग मी गर्दीतल्या एकाचा अजून बिघडलेला फोन घेतला, शेवटचा नऊ काढून सहा केला आणि म्हटलं, पाठव. त्याच्या बायकोचा फोन गर्दीतच टिंग करून वाजला. तार लागली नाही, मंत्र लागला नाही.

पुढचं मला सांगायला लाज वाटते. तीच माणसं, तेच पट्टे, तीच बादली. बाबाचं नाक फुटलं, तारेची माळ त्याच्याच गळ्यात आवळली गेली. दिवेवाल्याच्या बरगडीवर कुणीतरी दगड घातला, तो कट्‌ असा आवाज मला ओट्यावर ऐकू आला. त्या दिवशी ज्या बेभानपणे वहिनीला मारलं त्याच बेभानपणे आता यांना मारत होते. विचार तेव्हाही कुणी केला नव्हता आणि आताही करत नव्हतं.

वहिनीनं पिंपातून बादली भरून त्या घोळक्यावर ओतली. मग दुसरी. "बाजूला व्हा!" तिचा आवाज दातांविना फुसफुसत होता. "मला हा बोलता हवाय. माझ्या नवऱ्याचा दिवा कुणी अर्धा सोडला ते यानं चौकशीत सांगायचंय. मेला तर काय सांगणार?"

माणसं थांबली. दिवेवाल्याच्या बरगड्या मीच बांधल्या. बाबाच्या नाकात बोळे मीच घातले. यावेळी हवालदार तासाभरात आला.

संध्याकाळी मी वहिनीच्या भुवईला पुन्हा टाके घालत असताना तिनं विचारलं, "वन्सं, मग ह्यांचा तो मेसेज? तो कुणी पाठवला?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. "अपघाताच्या आदल्या दिवशी वाऱ्यानं वस्तीवरचा टॉवर बंद पडला होता, आठवतंय? दादानं त्या संध्याकाळी वर आल्यावर, टॉवर बंद पडायच्या जरा आधीच पाठवला. तो संदेश केंद्रात पडून राहिला. दुसऱ्या दुपारी टॉवर सुरू झाला आणि पोचला. त्या दुपारी सगळ्याच बायकांना कालचे मेसेज आले, वहिनी. त्यांची माणसं जिवंत होती, म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही."

चार महिने तिनं त्या दोन शब्दांवर काढले होते, आणि ते मी काढून घेतले होते.

"म्हणजे पाठवला तेव्हा ते खरंच वर आले होते," ती म्हणाली.

"हो."

"मग ठीक आहे. खोटं नव्हते बोलले." आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली.

एवढंच सांगायचंय. मेसेज गेला नाही तर रेंज बघा, बॅलन्स बघा, केंद्राचा नंबर बघा. कळलं नाही तर कळणाऱ्याला विचारा. फोन कुणाच्या हातात होता ते विचारा. आणि एवढं सगळं विचारून होईपर्यंत कुणाच्याही अंगावर हात टाकू नका. माझ्या वहिनीच्या तोंडात आता दोन दात कमी आहेत, आणि नंबरातला एकच आकडा चुकीचा होता.